लंबूशिवाय

पहिली कसोटी जिंकली तेव्हा संघाच्या फिजिओबाईला कोणी काही विचारलं नाही. दुसरी हरल्याबरोबर मात्र जो उठला तो तिच्याच दारात. विचारणारे निरनिराळे, प्रश्न एकच. तिसऱ्या कसोटीत लंबू खेळणार का?

लंबू म्हणजे संघाचा वेगवान गोलंदाज. कुठल्याही दारातून आत येताना सवयीने मान वाकवायचा, दार उंच असलं तरी. पहिल्या कसोटीत त्याने समोरच्या संघाची अशी दाणादाण उडवली की सामना लवकरच आटोपला. पण शेवटी शेवटी एक चेंडू टाकून झाल्यावर त्याने कंबर धरली, मग हसून हात झटकला आणि परत धावायला गेला. लोक टाळ्या वाजवत होते. फिजिओबाई तेवढी खुर्चीतून उठून उभी राहिली होती. तिला जी भीती होती तेच स्कॅनमध्ये निघालं. पाठीच्या खालच्या मणक्याचं हाड आतून सुजलं होतं. तडा गेला नव्हता, पण असाच वेगात चेंडू टाकत राहिला तर जाणार होता. आणि एकदा गेला की वर्षभर घरी, कदाचित कायमचाच.

लंबू बसला आणि मग गळतीच लागली. दुसऱ्या कसोटीत स्लिपमध्ये झेल घेताना कॅप्टनचा डावा अंगठा मोडला. कीपरच्या बायकोला दिवस भरण्याआधीच दवाखान्यात न्यावं लागलं, तो मिळेल त्या गाडीने घरी गेला. बाहेरच्यांना वाटतं, तीन माणसं गेली, तीन आली, विषय संपला. तसं कुठे असतं? लंबू नाही म्हणून फिरकीवाल्याला चेंडू नवाकोरा असतानाच बोलवावं लागलं, आणि त्याची खरी गरज पडली तेव्हा त्याचा खांदा उचलत नव्हता. कॅप्टनच्या जागी स्लिपमध्ये जो उभा राहिला त्याचा सगळा जन्म सीमारेषेवर गेलेला. त्याच्या हातातून झेल साबणासारखे सुटले. बदली कीपरला फिरकीवाल्याचा उलटा वळणारा चेंडू ओळखता येईना, म्हणून फिरकीवाल्याने तो टाकणंच सोडून दिलं. समोरच्यांनी पोटभर फलंदाजी केली. मालिका एक-एक अशी बरोबरीत आली.

तिसरा सामना फिजिओबाईच्याच गावात होता. स्टेडियमच्या जिन्याखालची खोली तिची. एक उंच टेबल, एक बर्फाचं यंत्र, मलमाचा वास आणि कायम लुकलुकणारी एक ट्यूब. कोच तिथे दिवसातून कितीदा यायचे याला गणती नव्हती.

"एक इंजेक्शन देऊन बघायचं का?" कोच म्हणाले.

"सर, इंजेक्शनने दुखायचं थांबेल. हाड तसंच राहील."

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"त्याच्यासाठी पाच दिवसांचा नाहीये."

"मी कुठे म्हणतोय त्याला मारून टाका? मी फक्त विचारतोय."

"तुम्ही सकाळीही फक्त विचारलंत."

कोच गेले की कॅप्टन यायचा, अंगठ्याला प्लॅस्टर लावून. स्वतः खेळू शकत नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ होता. तो लंबूबद्दल विचारून झाल्यावर हळूच म्हणायचा, "बरं, मी उजव्या हाताने झेल घेतले तर?" मग निवड समितीतल्या कोणाचा तरी फोन. तिचं डोकं उठलं होतं. आणि या सगळ्यांतून सुटून घरी जावं, तर दारातच सासरे.

सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते आता मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घेतलं होतं. सासरे रिकामे झाले आणि क्रिकेटला वाहून घेतलं. सून थेट संघात नोकरीला लागली, तेव्हा आपलीच निवड झाली अशा थाटात त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं.

"अगं, लंबूला बाहेर ठेवायचं म्हणजे वाघाला पिंजऱ्यात घालून ससे मोकळे सोडायचे," ते म्हणाले.

"बाबा, मला आधी चप्पल काढू द्या."

"काढ की. पण मला सांग, आमच्या वेळचे गोलंदाज पाठ बांधून चेंडू टाकायचे की नाही?"

"टाकायचे. आणि आता त्यातल्या कितीजणांना खाली वाकून बूट घालता येतात ते बघा."

नवरा वर्तमानपत्राच्या आड गेला. या दोघांच्या मध्ये पडायचं नाही हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता.

खरी चूक तिचीच, असं तिला पुढे वाटत राहिलं. लंबू हॉटेलात एकटा कुढत बसायचा, म्हणून तिने एका संध्याकाळी त्याला घरी जेवायला आणलं. पोरगं लांबच्या गावचं, आईशी फोनवर बोलताना पाठीचा विषय टाळणारं. सासऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटला तो थांबेना. ती स्वयंपाकघरात वाढून घेत होती तेव्हा दोघं बाहेर गॅलरीत जाऊन बसले. डोकी जवळ आलेली तिला दिसली. तिला वाटलं, चला, जरा मन रमतंय पोराचं.

सामन्याच्या आदल्या दिवशी लंबूने तंदुरुस्तीची चाचणी मागितली. तो त्याचा हक्कच होता. तो नेटमध्ये आला आणि त्याने असे चेंडू टाकले की बदली कीपर ग्लोव्ह्ज काढून तळहात चोळायला लागला. कोचच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. कॅप्टनने प्लॅस्टरवाल्या हातानेच टाळी वाजवली.

"खोलीत चल," फिजिओबाई लंबूला म्हणाली.

टेबलावर पालथा झोपवून तिने त्याच्या मणक्यावर अंगठा ठेवला. परवाच तिने याच जागी नुसतं बोट टेकवलं होतं तर तो टेबलावरून खाली यायच्या बेतात होता. आता तिने चांगला भार दिला. तो शांत. आणखी दाबलं. तो म्हणाला, "काही नाही ताई. एकदम मोकळं वाटतंय."

"काय घेतलंयस?"

"काही नाही."

"लंबू, मी काल जन्मले नाही. काय घेतलंयस?"

त्याने उशीत तोंड घातलं. मग त्याने लांबलचक हात खाली सोडला, पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली आणि मागे न बघता तिच्यापुढे धरली. पट्टी कात्रीने सरळ कापलेली होती. मागच्या चंदेरी कागदावर निळ्या पेनाने, चष्म्याचे नंबर लिहिणाऱ्या माणसाच्या बारीक सुबक अक्षरांत लिहिलं होतं: जेवणानंतर, दुधाबरोबर.

ते अक्षर ती रोज बघत होती. सासऱ्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या.

तिने कपाळाला हात लावला आणि स्टुलावर बसली. ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर आधी ओरडायचं ते ठरेना.

"त्यांच्यावर रागावू नका," लंबू उशीतून म्हणाला. "मी मागितल्या. ते म्हणाले, मला बरं वाटतं, तुलाही वाटेल."

"खेळाडूला या गोळ्या चालतात की नाही, ते तरी विचारलंस कोणाला?"

तो उठून बसला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंड एवढंसं झालं. तिने तिथूनच संघाच्या डॉक्टरांना फोन लावला, नाव वाचून दाखवलं. गोळी बंदीच्या यादीत नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुप्पट संताप आला.

कोच दाराबाहेरच उभे होते.

"नाही," ती म्हणाली.

"नाही काय? तुमच्या डोळ्यांदेखत चाचणी पास झाला तो."

"गोळी पास झाली सर. तो नाही." आणि तिने पट्टी त्यांच्या हातात ठेवली. कोणाच्या घरातून आली तेही सांगितलं. लपवून काय करणार होती?

कोचनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे मी इंजेक्शन म्हटलं तर मी राक्षस, आणि तुमच्या घरून औषधांचा पुरवठा."

 तिने लंबू अनफिट असल्याचं लेखी कळवलं आणि घरी गेली.

सासरे दारात नव्हते. बातमी टीव्हीवर येऊन गेली होती. ते आरामखुर्चीत बसून होते, आवाज बंद करून.

"मी त्याला औषध दिलं, विष नाही दिलं," तिने काही बोलायच्या आधीच ते म्हणाले.

"बाबा, दुखतंय म्हणूनच तो थांबला होता. तुम्ही तेवढंच काढून घेतलंत. मी दाबून बघितलं नसतं तर उद्या तो तिथे मैदानात मोडला असता, आणि तुम्ही इथे बसून टाळ्या वाजवल्या असत्या."

ती इतकं कधी त्यांना बोलली नव्हती. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.  सासरे जेवायला उठले नाहीत, आणि तिनेही त्यांना आग्रह केला नाही.

लंबूच्या जागी तात्या खेळला. तात्या हे त्याचं नाव नव्हे, संघात सगळ्यांत थोराड म्हणून पडलेलं. वर्षानुवर्षं पाणी, टॉवेल आणि बॅटी पोचवण्यात त्याची कारकीर्द गेली होती. त्याचा चेंडू जोरात यायचा नाही, फारसा वळायचाही नाही, फक्त जिथे टाकायचा तिथेच पडायचा. उपकप्तानाला तेवढंच हाताशी होतं. त्याने तात्याला एका बाजूने जुंपला तो सोडलाच नाही. रोज खेळ संपला की तात्या फिजिओबाईच्या खोलीत येऊन बूट काढायचा आणि मोज्याला रक्त लागलेलं असायचं. ती बोटं पुसून, पट्ट्या लावून द्यायची. तो म्हणायचा, "घट्ट बांधा ताई, उद्या परत आहेच." त्याच्याबद्दल विचारायला त्या खोलीत कोणी आलं नाही.

सामना शेवटच्या दिवसापर्यंत ताणला गेला, हेच आधी कोणाला खरं वाटत नव्हतं. समोरच्यांचे आठ गडी गेले होते आणि थोड्याच धावा हव्या होत्या. खेळायला होते दोन गोलंदाज, ज्यांना धड बॅट धरता येत नव्हती. पण तात्याच्या चेंडूला ते घाबरत नव्हते आणि फिरकीवाल्याच्या खांद्यात जीव उरला नव्हता. स्टेडियम लंबूच्या नावाने ओरडत होतं. लंबू तिच्या शेजारीच बसला होता, गुडघे छातीशी घेऊन.

"दोन ओव्हर," तो म्हणाला. "ताई, फक्त दोन."

तिला माहीत होतं. दोनही लागल्या नसत्या. एक जण पायावर चेंडू आदळून बाद झाला असता, दुसरा लंबूला नुसतं धावत येताना बघूनच स्टंपसमोरून बाजूला झाला असता. तिलाही जिंकायचं होतं. ती कोणी परकी नव्हती.

तात्याने एक चेंडू टाकला, बॅटची कड लागली आणि झेल पहिल्या स्लिपकडे गेला. कॅप्टनने तो झोपेत घेतला असता. सीमारेषेवर जन्म गेलेल्या त्या बिचाऱ्याने दोन्ही हात पुढे केले, चेंडू त्यांत बसला आणि बाहेर आला. मागे बसलेला कॅप्टन उठून आत निघून गेला. पुढच्याच ओव्हरमध्ये सामना गेला, मालिका गेली.

त्यानंतर जो भेटेल तो तेच म्हणे. लंबू असता तर. दुकानात, पार्किंगमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे. कोणी तिला तोंडावर दोष दिला नाही, पण बोलून झालं की सगळे तिच्याकडेच बघायचे. मोडलेलं हाड एक्स-रेवर दाखवता येतं. न मोडलेलं कोणाला दाखवणार?

घरी सासऱ्यांनी मात्र ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. एकदा शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले आणि "लंबू असता तर" म्हणून सुरुवात केली, तेव्हा सासरे म्हणाले, "तात्याचं बोला. त्या माणसाने पायाची बोटं फोडून घेतली." आणि टीव्ही बंद केला. सुनेशी त्यांनी त्यावर काही बोलणं काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

लंबू तिच्याशी बोलत नव्हता. टेबलावर यायचा, झोपायचा, जायचा. पुढच्या स्कॅनला दोघं बरोबर गेले, गाडीत एक शब्द नाही. डॉक्टरांनी चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. सूज होती तेवढीच होती. ना वाढलेली, ना उतरलेली. आणखी विश्रांती, मग बघू.

बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या पायरीवर तो थांबला.

"म्हणजे मी नेटमध्ये एवढा जोर लावला तरी काही झालं नाही."

"नाही झालं."

"मग सामन्यात टाकल्या असत्या दोन ओव्हर, तरी काही झालं नसतं?"

तिला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. हो म्हटलं असतं तर तो जन्मभर तिला शिव्या देत राहिला असता. नाही म्हटलं असतं तर तिने त्याला फसवलं असतं. दिवसभराच्या चिडचिडीने तिचं अंग आंबून गेलं होतं, खोटं बोलायलासुद्धा ताकद लागते आणि ती उरली नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित काही झालं नसतं. कदाचित तू आत्ता पायऱ्या चढू शकला नसतास. मी तेव्हा नाही म्हटलं, आणि परत वेळ आली तर परत नाहीच म्हणणार. तुला चिडायचं तर चीड."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या उंचीवरून कोणी बघितलं की मान दुखते, म्हणून ती एक पायरी वर चढून उभी राहिली.

"आई म्हणत होती," तो म्हणाला, "त्या बाईचे आभार मानलेस का."

"मग?"

"मी म्हटलं, अजून राग गेला नाहीये."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तो जाऊ दे सावकाश. तोवर उद्यापासून सकाळी पोटाचे व्यायाम. आणि कंटाळा आला म्हणून मध्येच उठलास तर मी कोचना बोलवून शेजारी बसवीन."

 गाडीत बसताना त्याने मान वाकवली, गुडघे आखडून घेतले आणि तिने सांगायच्या आधीच सीटचा पट्टा लावला.