पेरूचा वास सुटला तेव्हा

मित्रांनो, पारदर्शक प्लास्टिकचा, अंगाला भोकं असलेला मी एक जुना सापळा आहे. ऑकलंडजवळच्या न्यू लिनमध्ये, ममताच्या घरामागे, लिंबाच्या झाडाला मी टांगलेला असतो. तुमच्याकडचे बागायतदार माझ्या जातभाईंना कामगंध सापळा म्हणतात.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी नुसता डबा होतो. मग माझ्या पोटात एक वडी बसवली. काही फुलांचा वास असा असतो, की फळमाशीचा नर त्यामागे वेडा होऊन धावतो. त्या फुलांचा रस चाखलेल्या नरावर मादीही लवकर भुलते. त्याच वासाची नक्कल माझ्या वडीत आहे. नर आत शिरतो आणि आतल्या विषाने मरतो. मादीला मात्र माझं काडीचं आकर्षण नाही. तिला ओढून आणतो तो पिकल्या फळाचा वास.

या देशात ही माशी नाही. त्यामुळे रिकामं राहणं हीच माझी कामगिरी. तपासनीस हिनेमोआ अधूनमधून यायची, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत झाकण उघडायची, आत डोकावायची आणि "स्वीट ॲज!", म्हणजे झकास, असं म्हणून निघून जायची. एवढंच काय ते माझं कौतुक. एरवी माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली.

ममताचे वडील नानासाहेब लेकीकडे राहायला आले आणि मागचं अंगण जागं झालं. राहात्याला त्यांची पेरूची बाग होती. इथेही त्यांनी उन्हाच्या भिंतीलगत पेरू लावला, थंडीत त्याला गोणपाट गुंडाळलं. यंदा तो पहिल्यांदा लगडला.

"आजोबा, इट स्मेल्स सो गुड!" नात ऋग्वेदा म्हणाली.

"मग! पेरू म्हणजे असा घरभर घमघमला पाहिजे," नानासाहेब खुशीत म्हणाले.

तो वास कुंपणापलीकडे जाऊ लागला, तशी मला धडकी भरली.

एका दुपारी ती मादी आली, बहुधा कुणाच्या सामानातल्या फळातून देशात शिरलेली. तांबूस अंगाची, पिवळ्या ठिपक्यांची. माझ्या अगदी जवळून गेली, पण वळली नाही. एका पेरूवर उतरली, सालीवर फिरली आणि शेपटाचं टोक आत खुपसून अंडी घालत बसली. मग दुसऱ्या पेरूवर. मित्रांनो, मला तोंड नाही. मी नुसता वाऱ्यावर हलत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी नानासाहेबांचा मुलगा सचिन हॅमिल्टनहून भेटायला आला. निघताना नानासाहेबांनी त्याच्या गाडीत पिशवीभर पेरू ठेवले. पेरू असे देखणे, की कुठे डाग नाही. गाडी गेली.

पुढच्या खेपेला हिनेमोआने माझं झाकण उघडलं. तळाशी एक नर मरून पडला होता. तिने फोन काढला. संध्याकाळपर्यंत गल्लीत सरकारी गाड्या आल्या, पाट्या लागल्या. इथलं फळ बाहेर न्यायला बंदी झाली.

हिनेमोआ इंग्रजीत सांगत होती, ममता मराठीत. झाडावरचं प्रत्येक फळ उतरवावं लागणार होतं.

"एका माशीपायी?" नानासाहेब उसळले. "पोरासारखं वाढवलंय हे झाड. फळाला साधा ओरखडा तरी आहे का, विचार तिला."

हिनेमोआने एक पेरू तोडला आणि चिरला. आतल्या गुलाबी गरात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. ऋग्वेदा किंचाळून मागे सरली. नानासाहेबांनी तोंडावर हात धरला.

"इथून कुठे बाहेर फळं गेली आहेत का?" हिनेमोआने विचारलं.

ममता हळूच मराठीत म्हणाली, "नाना, सचिनचं नाव घेऊ नका. त्याच्या दारातही हा सगळा तमाशा होईल."

नानासाहेबांनी नजर झाडाकडे वळवली. हिनेमोआ वळून चालू लागली. तिच्या पाठीकडे बघत ते एकदम म्हणाले, "हॅमिल्टन! माय सन. मेनी पेरू... ग्वावा."

ममताने तिथूनच सचिनला फोन लावला.

"पेरू? दोन खाल्ले, ताई," त्याचा आवाज आला. "बाकीचे मऊ पडले होते. मागे कंपोस्टमध्ये टाकले. का गं?"

"म्हणजे अळ्या मातीत गेल्या," नानासाहेब म्हणाले. अळी पोसली की फळ सोडते आणि कोष करायला मातीत शिरते, ऊब मिळाली की त्यातून माशी निघते, हे बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

सगळे पेरू त्यांनी स्वतः उतरवले. कोणाला हात लावू दिला नाही. पिशव्यांची तोंडं करकचून बांधून त्यांनी त्या सरकारी डब्यात टाकल्या.

पुढचं मला ममताच्या बोलण्यातून कळलं. सचिनच्या घरी कंपोस्ट उकरलं तेव्हा पेरूंची नुसती पोकळ सालं हाती लागली. मातीत काही कोष सापडले. औषध मारलं. पण सगळे सापडले की नाही, हे त्या मातीलाच ठाऊक. आता त्या गल्लीत झाडाझाडाला माझे भाऊबंद टांगले आहेत.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. फळ कितीही मायेने दिलेलं असो, बंदी असलेली वेस ओलांडून ते नेऊ नका. आणि चुकून नेलंच, तर लपवू नका. आम्ही सापळे फक्त संकट आल्याची वर्दी देतो. ते अडवायला माणूसच लागतो.

हिवाळा सरला. हॅमिल्टनचे सापळे अजून रिकामे आहेत. पण ऊन वाढतंय आणि सचिनच्या परसातली माती आता तापू लागली आहे.