पंख्याचा फोटो

फ्रिजवर ठेवलेला माझा फोन टिंग करून वाजला आणि मी दचकले. पडून बंद झालेला तो दुरुस्त होऊन आजच घरी आला होता. आमची चिमुरडी जमिनीवर चित्र रंगवत होती. मी फोटो उघडले. तोंडभर दूध माखलेल्या तिच्या फोटोनंतर एका अनोळखी पंख्याचा फोटो होता.

"दुकानदाराने आपले फोटो चाळलेत," मी नवऱ्याला म्हणाले. "पासवर्ड मागितला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"अगं, काच बदलली की कॅमेरा चालतो का बघतात. म्हणून त्याच्या दुकानातल्या पंख्याचा फोटो."

"बाकीचं बघितलं नसेल कशावरून?"

"मग घ्यायचा होतास नवीन, माझ्यासारखा! कचरा वाढतो म्हणून तूच अडून बसलीस."

"नव्याच्या बदल्यात तुझा जुना दुकानात देऊन टाकताना त्यातले हिचे फोटो, सगळं पुसलं होतंस ना?"

"बंद पडलेला फोन काय पुसणार? तसाच दिला." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

बंद पडलेला फोन पुन्हा चालू होतो, हे माझ्या हातातच दिसत होतं.

लेकीने खडू खाली ठेवला. "आई, बाबांच्या जुन्या फोनमधली मी आता कुणाच्या घरी असते?"