झिल उंच, तर बाप केवढा?

मानखुर्दच्या सोसायटीत दत्तारामकाकांनी गंधालीच्या व्याख्यानाची जाहिरात म्हणून फळ्यावर 'ग्रहांचे जन्मरहस्य' असं लिहिलं आणि तिची वाट लागली. रविवारी हॉल गच्च भरला, पण निम्म्या बायका मुलांच्या पत्रिका घेऊन आलेल्या!

"काका, मी ज्योतिषी नाही हो! लांबच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर पीएचडी करतेय."

"ग्रहच ना? मग बोल," म्हणत काकांनी तिच्या हातात माईक कोंबला.

गंधाली बोलू लागली. तारा आणि त्याचे ग्रह एकाच ढगातून जन्मतात. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. कोणते रंग गायब झाले, त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. "माझा ग्रह आज ताऱ्याला चिकटून आहे. पण त्याच्या हवेत ऑक्सिजनच्या मानाने कार्बन जास्त. ताऱ्यापासून लांब ऑक्सिजन बर्फात अडकतो आणि वायूत कार्बन जास्त उरतो. म्हणजे तो बहुतेक लांब, थंडीत जन्मला आणि मग आत सरकला."

"आमच्यासारखोच!" काकांच्या पत्नी, गावाहून मानखुर्दला आलेल्या रुक्मिणीकाकी, पहिल्या रांगेतून म्हणाल्या. हॉल हसला. काकी हसल्या नाहीत. "पण गो, जास्त म्हणजे कोणापेक्षा?"

"आपल्या सूर्यापेक्षा."

"सूर्याचो काय संबंध? त्याच्या ताऱ्यात किती आसा, ता बघलंस? झिल उंच म्हणान नवल करूच्या आधी बापाशीची उंची बघूक होयी!"

गंधालीने ते बघितलंच नव्हतं. सगळेच सूर्याचा आकडा धरतात, म्हणून तिनेही धरला होता.

तिने ताऱ्याचा प्रकाशही तपासायला घेतला आणि दोन आठवड्यांनी उत्तर आलं. ताऱ्यातच कार्बन तितकाच जास्त होता. पोरगं बापावर गेलं होतं, बस. लांबून सरकत आल्याचा पुरावा फुस्स! आठ महिन्यांचं काम आठवून तिला रडू आलं, आणि काकींचा चेहरा आठवून हसू.

तिने धीर करून पीएचडीच्या गाइडना, चंद्रप्रकाश सरांना, फोन लावला.

सर म्हणाले, "पेपर पाठवण्याआधी सापडलं, वाचलो. चूक काढली कोणी?"

"शेजारच्या काकींनी."

"कुठल्या इन्स्टिट्यूटच्या?"

"पोळीभाजी केंद्र चालवतात, सर."

पेपर नव्याने लिहिला. शेवटी आभारात काकींचं नाव टाकायचं ठरलं, तशी गंधाली विचारायला गेली.

"पुरा घाल," काकींनी बजावलं. "रुक्मिणी दत्ताराम वालावलकर."

"म्हणजे माझं पण नाव छापून येणार!" काका खुर्चीतून उठलेच.

"मधी आसास म्हणान," काकी म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.