पाळण्यातला वरवंटा

“वरवंट्यानं बर्फ फोडतोस व्हय रं? दुकानात हातोडी नव्हती?”

द्वारकाबाईंनी फ्रीजरमधलं पातेलं ओट्यावर आदळलं. बर्फाच्या गोळ्यात त्यांचा वरवंटा दोन तुकडे होऊन अडकला होता. दुपारी पणतूचं बारसं. लेकराआधी कुंची घालून ज्याला पाळण्यात निजवायचं, तोच फुटलेला!

“गरम दगडानं बर्फ पाघळतो, माय. म्हनून रातभर पाण्यात घालून गार करायला ठिवला,” रामकिसन पुटपुटला. पन्नाशीचा घोडा, चिकलठाण्यात सरबताचं दुकान चालवणारा. “पाण्यानं कुठं दगड फुटतो व्हय?”

“पाण्यानंच फुटतो, मुडद्या!”

त्यांचं माहेर अजिंठ्याच्या डोंगराखालचं. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांत शिरतं, वाळतं, पुन्हा शिरतं. पापुद्रे सुटत सुटत काळा कातळ हातानं चुरावा असा मुरूम होतो, हे त्यांनी बघितलेलं. वरवंट्याला केसाएवढी चीर होती. म्हणून तर वाटण झालं की त्या तो पुसून उन्हात ठेवायच्या. जन्मभर जपला. आणि या दिवट्यानं चिरेतलं पाणी गोठवलं. ते फुगलं आणि पाचरीसारखं आतून रेटत गेलं.

“डोंगर फोडायला पाण्याला पिढ्या लागत्यात. तुला एक रात पुरली. फ्रीजरात बाटली फुटली, तवाबी शिकला नाय!”

“आत्याबाई, शेजारच्या सत्यभामाकाकूंनी नवा घेतलाय, तो आणू का?” सून रत्नमालेनं भीत भीत विचारलं.

द्वारकाबाईंना शिसारी आली. गल्लीतलं एकही बारसं त्यांच्या वरवंट्याविना झालं नव्हतं. मागायला आलेल्या सत्यभामेला त्या दारातच उभी करत आणि बजावत, “धुऊन आण गं परत.” आता तिच्या दारात हात पसरायचा?

“तू नको. ज्यानं फोडला, त्यो जाईल.”

रामकिसन मशीनवर घासलेला, गुळगुळीत वरवंटा घेऊन आला.

“काय म्हनली?”

“धुऊन द्या म्हनल्या.”

द्वारकाबाईंनी परक्या दगडाला तेल लावलं, कुंची घातली, बंद बांधले. मग आपले दोन तुकडे पदरानं कोरडे पुसले आणि सवयीनं उन्हात नेऊन ठेवले. मागं रामकिसन उभाच होता.

“तुझ्या पाळण्यात ह्योच निजवला व्हता. दगडावानी टिक, म्हनून,” त्या म्हणाल्या. “टिकलास बाबा. पर नुस्ता दगडच ऱ्हायलास.”