त्र्याहत्तर ठोकळे आणि एक रिकामी जागा

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे, आणि मित्रांनो, माझ्या जन्मातच एक चूक आहे. ती आधीच सांगून टाकते, कारण वर्गात नवीन मुलं आली की पहिलं बोट तिच्याकडेच दाखवतात.

मी नववीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून उभी असते. माझ्या चार फळ्यांवर पुस्तकांसारखे दिसणारे लाकडी ठोकळे दाटीने उभे आहेत. बायबलातल्या प्रत्येक पुस्तकाचा एक ठोकळा, आणि त्याच्या कण्यावर कोरलेलं नाव. बायबल हे एकच पुस्तक नाही, ती पुस्तकांची अख्खी मांडणी आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून मला घडवलं.

ही कल्पना एका सिस्टरांची. शाळा कॅथलिक, मुलं दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी, बायबलातल्या गोष्टी कानावरून गेलेली. एका बुधवारी सिस्टरांनी सहज विचारलं, मोशे आधी की दावीद? धर्मशिक्षणात लागोपाठ तीन वर्षं पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, "दावीद. तो लहान होता ना." वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते चुकीचं उत्तर पटलं होतं.

"यांच्याकडे चिंध्या ढीगभर आहेत," सिस्टर शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "पण गोधडी एकाकडेही नाही." त्यांची इच्छा एवढीच होती, की शाळा सोडताना प्रत्येक मुलाला बायबलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग सांगता यावी. त्यासाठी त्यांनी सुताराला बोलावलं.

सुतार पलीकडच्या गल्लीत राहायचा. हात सरळ, बोलणं त्याहून सरळ. प्रत्येक पुस्तक बायबलात जेवढं जाड, तेवढाच त्याचा ठोकळा जाड करायचा, असं त्याने ठरवलं. घरचं बायबल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्याने एकेक पुस्तक मापलं. स्तोत्रसंहिता विटेएवढी झाली. योहानाची दोन छोटी पत्रं पट्टीएवढी पातळ झाली. महिनाभर खपून त्याने मला आणून उभी केली. सिस्टरांनी ठोकळे मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा चष्मा पुसून मोजले.

"सुतारदादा, सात कमी आहेत."

"एकही कमी नाही, सिस्टर. घरचं बायबल समोर ठेवून केलेत. सहासष्ट म्हणजे सहासष्ट."

तेव्हा सिस्टरांच्या लक्षात आलं. सुतार प्रोटेस्टंट होता. त्याच्या बायबलात सहासष्ट पुस्तकं, आणि कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर. तोबित, युदिथ, दोन मक्काबी, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात त्याच्या घरी कधी आलीच नव्हती.

"तुमच्या घरी तुमचं बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या घरचे सात बाहेर उभे आहेत, एवढंच."

"इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय," सुतार डोकं खाजवत म्हणाला, "आणि हे आज कळतंय."

माझ्या फळ्या तर सहासष्टांच्या मापाने कापून झाल्या होत्या. नवी मांडणी करायला वेळ नव्हता आणि फिकट लाकूडही संपलं होतं. मग त्याने चर्चच्या एका मोडक्या बाकाचं गडद लाकूड घेतलं, सात ठोकळे केले आणि जागेत बसावेत म्हणून त्यांना रंधा मारून मारून निम्मे केले. तोबितचा तर पोळपाटाएवढा पातळ केला. म्हणून माझ्या अंगावर सात काळसर रेघा आहेत. हीच ती चूक. मला तिचं वाईट वाटत नाही. पण ते सात आपल्या मापाचे झाले नाहीत, हे सुताराच्या मनात राहिलं असावं. काम संपल्यावरही तो त्यांच्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभा होता.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची. वर्गात छत्तीस मुलं असायची. वर्षाच्या सुरुवातीला सिस्टर प्रत्येकाला दोन ठोकळे नेमून द्यायच्या. आपले ठोकळे पुसायचे, त्या पुस्तकांत काय आहे ते वाचायचं आणि गोष्ट आपल्यापर्यंत आली की ठोकळा हातात घेऊन उभं राहून चार वाक्यांत सांगायचं. आधीच्याने जिथे सोडलं तिथूनच उचलायचं, हा नियम. नुसत्या नियमांनी भरलेला लेवीय ज्याच्या वाट्याला यायचा तो वर्षभर तोंड पाडून हिंडायचा. माशाच्या पोटात राहून आलेला योना ज्याला मिळायचा तो रुबाबात असायचा.

छत्तीस दुणे बहात्तर. एक ठोकळा उरायचा, तोबितचा. तो सिस्टर स्वतःकडे ठेवायच्या. त्यातल्या कुत्र्यावर त्यांचा जीव होता. सबंध बायबलात कोणाच्या सोबत आपण होऊन प्रवासाला निघालेलं कुत्रं तेवढंच, असं त्या सांगायच्या.

मग सिस्टरांची बदली झाली. त्यांच्या संस्थेत बदलीचं पत्र आलं की दोन दिवसांत पेटी भरायची असते. नंतर आलेल्या शिक्षकांना माझं काय करायचं ते उमगलं नाही. स्तोत्रसंहिता दाराला अडसर म्हणून लागली. लेवीय डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेला, आणि खरं सांगायचं तर तो तिथे जितका उपयोगी पडला तितका आधी कधी पडला नव्हता. माझ्यावर धूळ बसली. कोणी मला मोडलं नाही, कोणी विचारलंही नाही. मित्रांनो, वाईट वाटलं. लाकडालाही वाटतं, फक्त ते बोलून दाखवत नाही.

अकरा वर्षांनी सिस्टर परत आल्या. केस पिकलेले, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. आल्या दिवशीच त्यांनी शाळाभर फिरून ठोकळे गोळा केले. दारापाशी, टेबलाखाली, खेळाच्या खोलीत मिळून बहात्तर सापडले. तोबित काही सापडला नाही. इतर ठोकळ्यांना निदान जुने राखणदार तरी होते. शाळेत होती तोवर ती मुलं गॅलेरीत येताजाता आपला ठोकळा जागेवर आहे का हे डोकावून बघायची. तोबितच्या वाली सिस्टर, त्याच बदलून गेल्या होत्या. तो कधी नाहीसा झाला ते मलाही सांगता येणार नाही.

सिस्टरांनी ती बोटभर जागा तशीच मोकळी ठेवली. छत्तीस मुलांना बहात्तर ठोकळे वाटले आणि गोष्ट त्या जागेपाशी आली की त्या स्वतः सांगायच्या.

त्याच वर्षी नवीन मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्या डोक्यात दहावीच्या निकालाशिवाय दुसरं काही मावत नव्हतं. बुधवारचा तिसरा तास, म्हणजे आमच्या गोष्टीचा, त्यांना गणितासाठी हवा होता आणि माझी भिंत बक्षिसाच्या ढाली ठेवायच्या काचेच्या कपाटासाठी. सिस्टर भांडल्या नाहीत. एकदा येऊन ऐका, एवढंच म्हणाल्या.

"ऐकतो," मुख्याध्यापक म्हणाले. "एका तासात सगळी गोष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे अडली, तर पुढच्या आठवड्यापासून गणित."

त्या वर्गात सुताराची नात होती, मुलीची मुलगी. मुलगी कॅथलिक घरात दिलेली. सुताराचे डोळे काचबिंदूने गेले होते आणि तो आता लेकीकडेच राहत होता. नातीने घरी तोबित हरवल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हरवला? मी तर त्याला धड पाहिलाही नव्हता. वाच बघू." तिने रोज संध्याकाळी त्याला ते पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवलं. हे मला नंतर कळलं, तिनेच मैत्रिणीला माझ्यासमोर सांगितलं.

ठरलेल्या बुधवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर घड्याळ काढून बसले. सिस्टरांनी मुख्याध्यापकांना सात ठोकळ्यांची हकीकत सांगून सुतारालाही बोलावलं होतं. मांडणी त्याने घडवलेली, तिचा शेवटचा तास असेल तर त्याला कळायला हवं, असं त्यांना वाटलं. तो नातीचा हात धरून आला, काखेत कापडी पिशवी.

"एक राहिलं, सिस्टर," मुख्याध्यापक म्हणाले. "आज तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. फक्त मुलं."

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांचं लक्ष माझ्या रिकाम्या जागेकडे गेलं. तिथलं कोणालाच नेमून दिलेलं नव्हतं.

गोष्ट सुरू झाली. देवाने जग केलं, माणसांनी ते बिघडवलं. अब्राहाम घर सोडून निघाला. त्याचे वंशज मिसरात गुलाम झाले, मोशेने त्यांना बाहेर काढलं. दावीद राजा झाला, तेव्हा मोशेला जाऊन शेकडो वर्षं झाली होती, हे एका मुलाने मुद्दाम घसा साफ करून सांगितलं. राज्य दुभंगलं. मग सुताराची नात उठली, तिच्या हातात 'दुसरा राजे' हा ठोकळा.

"मग अश्शूरचे लोक आले आणि त्यांनी आपल्या माणसांना घरांतून उठवून परमुलखात नेलं," ती म्हणाली, आणि बसली.

पुढे कोणी उठलं नाही. पस्तीस माना सिस्टरांकडे वळल्या. सिस्टरांनी खाली बघितलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ उचललं.

"त्या नेलेल्या माणसांत एकजण होता, तोबित," मागून आवाज आला. सुतार उभा राहिला होता. "आपली माणसं परक्या गावात रस्त्यावर मरून पडायची. हा उचलून पुरायचा. त्यापायी घरदार गेलं, तरी पुरायचा. एकदा दमून भिंतीशी निजला आणि चिमण्यांनी डोळ्यांत घाण केली. झालं. डोळे गेले. एवढ्या चांगल्या माणसाचे, एवढ्याशा कारणाने."

नात त्याला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. तो बोलतच होता आणि मुख्याध्यापकांनी त्याला थांबवलं नाही.

"पोराला कामासाठी लांबच्या गावी धाडलं. वाटेत सोबती भेटला, तो देवदूत होता, पण कोणाला ठाऊक नाही. कुत्रंही गेलं. पोरगं औषध घेऊन परतलं, बापाच्या डोळ्यांना लावलं. बापाला पहिल्यांदा दिसलं ते पोराचं तोंड. माझं औषध अजून वाटेतच आहे. पण गोष्ट त्याची आहे, माझी नव्हे. त्याला दिसलं."

"आजोबा," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "हे तुमच्या बायबलात नाही ना?"

"नाही. म्हणून तर कान देऊन ऐकलं."

त्याने पिशवीतून एक गडद ठोकळा काढला, चाचपत चाचपत घडवलेला. माझ्या फळीवरून हात फिरवत त्याने ती जागा शोधली आणि ठोकळा लावला. शेजारच्यांना रेटत तो अर्धाच आत गेला. नात म्हणाली, "आबा, जाड झालाय."

"जाड नाही. त्या वेळी मी त्याला तासून निम्मा केला होता. आज त्याच्या मापाचा केलाय."

पुढचा मुलगा उठला आणि गोष्ट पुढे चालली. बंदिवास, परतणं, पडलेली भिंत बांधणं, मक्काबींची झुंज, मग गव्हाणीतलं बाळ, क्रूस, रिकामी कबर. प्रेषितांची कृत्ये चालू असताना घंटा झाली. मुख्याध्यापकांनी हातानेच बसा म्हटलं. शेवटचं प्रकटीकरण संपल्यावर ते उठले.

"कपाट जिन्यापाशी ठेवू," ते म्हणाले.

"आता बोललं तर चालेल?" सिस्टरांनी विचारलं.

त्याला खूप वर्षं झाली. सिस्टर नाहीत, सुतारही नाही. बुधवारचा तिसरा तास आहे. आता तोबितही नेमून दिला जातो, वर्गातल्या सर्वांत नव्या मुलाला. ज्याची जबाबदारी कोणाकडेच नसते ते आधी हरवतं, एवढं मी शिकले, आणि तुम्हालाही तेच सांगते.

आणि एक विनंती. तो ठोकळा फळीबाहेर आलेला दिसला की प्रत्येक नवीन मुलाचा हात त्याला आत ढकलायला जातो. मित्रांनो, ढकलू नका. जागा माझी लहान आहे, तो बरोबर आहे.