सोमवारची नोंद

"रविवारी रात्री पाऊस होता का हो, धनराजभाऊ?" हवालदार गांगुर्ड्यांनी वहीवरून नजर न उचलता विचारलं.

"वहीत शून्य आहे," धनराज म्हणाला.

"ते दिसतंय मला. सोमवार, सकाळी साडेआठ, शून्य पूर्णांक शून्य. म्हणजे रविवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत थेंब नाही. असंच ना?"

"साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरतात."

गांगुर्ड्यांनी मोबाइलवर पानाचा फोटो काढला. "मग झालं. पोरगं खोटं बोलतंय. म्हणे नाल्याला पूर आला, पलीकडं अडकलो. दिवाळीत पूर!" त्यांनी वही मिटली. "अक्षर छान आहे हां तुमचं, भाऊ."

जीप फाटकाबाहेर गेल्यावर धनराजच्या लक्षात आलं, की आपण दोन वाक्यं बोललो आणि दोन्ही खरी होती. ही युक्ती आपण कुठं शिकलो, तेही त्याला माहीत होतं.

पेठ रस्त्यावर, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशेतावर तो सव्वीस वर्षं पाऊस मोजत होता. यंत्र साधं. वर नरसाळं, खाली बाटली, सोबत काचेचं मोजपात्र. रोज साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात घ्यायचं, डोळा पाण्याच्या पातळीत आणून आकडा वाचायचा, लिहायचा, पाणी फेकून द्यायचं. पाऊस नसला तरी जाऊन, उघडून बघायचं आणि मगच शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा मोजणीच असते, असं तो नव्या मुलांना सांगायचा.

जपानी रहस्यकादंबऱ्यांची गोडी त्याला मुलीनं, निकितानं लावली. ती एम.एस्सी.ला नाशिकला, आई सविता तिच्यासोबत. धनराज शेतावरच्या खोलीत. निकिता जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी भाषांतरं आणायची. पहिल्या पानावर घराचा नकाशा, दुसऱ्यावर माणसांची यादी. बाहेर बर्फ, आत बंद खोली, खोलीत मृतदेह. धनराजला खुनात रस नव्हता. त्याला आवडायचं ते हे, की त्या पुस्तकांत सगळं मोजलेलं असायचं. बर्फ किती इंच, दोरी किती लांब, खिडकी जमिनीपासून किती उंच. वाया जाईल असा एकही आकडा नाही. आणि शेवटाच्या जरा आधी एक पान यायचं, ज्यावर लेखक सरळ वाचकाशी बोलायचा: सगळे पुरावे आता तुमच्याकडे आहेत, सांगा कुणी केलं. त्या पानावर दोघं थांबायची, आपापल्या चिठ्ठीवर नाव लिहायची आणि मगच पुढं वाचायची.

"ह्यातला निवेदक लबाड असतो, पण खोटारडा नसतो," निकिता एकदा म्हणाली होती. "तो गोष्ट लपवेल, पण खोटी लिहिणार नाही. तेवढ्यावर तर सगळा खेळ आहे, पप्पा."

ते त्याला फार पटलं होतं. आपली वहीही तशीच आहे, असं त्याला वाटलं होतं.

दिवाळीत शेत चार दिवस बंद होतं. रविवारची नोंद घेऊन तो नाशिकला गेला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायचं होतं. पण रविवारी संध्याकाळी दोघं त्या पानापर्यंत पोचली आणि निकिता म्हणाली, "शेवट सकाळी चहाबरोबर वाचू. एक दिवस नाही मोजला तर काय बिघडतं? वर बघा, ढगाची चिंधी नाही."

खरंच नव्हती.

मंगळवारी साडेआठला तो शेतावर पोचला. आधी वही उघडून सोमवारच्या ओळीत ०.० लिहिलं, शाईनं. मग यंत्र उघडलं. बाटली जड लागली.

हातांना सवय होती, त्यांनी मोजलं. वीस मिलिमीटर, पुन्हा वीस, मग अठरा पूर्णांक सहा. ऑक्टोबरअखेरचा डोंगरातला पाऊस असा पडतो, एक कडा भिजवतो आणि शेजारचा कोरडा ठेवतो. सव्वीस वर्षांत वहीत एकही खाडाखोड नव्हती. आकडा बदलायचा, तर सोमवारी कुठं होतात, हा प्रश्न आलाच असता. तो मोजपात्र हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. मग पाणी कलमांच्या आळ्यात ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. मंगळवारच्या ओळीतही त्यानं ०.० लिहिलं.

त्या वेळी तिथून दोनशे पावलांवरच्या शेततळ्यात राखणदार काळू दीड दिवस पाण्याखाली होता.

बुधवारी तो वर आला. डोक्याला मार होता. रविवारी रात्री नऊ चाळीसला त्यानं बायकोला फोन केला होता, त्यानंतर फोन बंद. दुसरा राखणदार लखन, वय बावीस, नाल्यापलीकडच्या पाड्यावरचा. दिवाळीची सुट्टी कुणी घ्यायची यावरून दोघांचं भांडण झालेलं लोकांनी ऐकलं होतं. लखन म्हणाला, संध्याकाळी घरी जेवायला गेलो, पाऊस आला, नाला चढला, सकाळपर्यंत येता आलं नाही. आल्यावर काळू दिसला नाही, वाटलं, गेला असेल घरी. पोलिसांनी पेठच्या पर्जन्यमापकाचा आकडा घेतला. शून्य. मग शेतावरचा घेतला. पाड्यावरची सगळी माणसं पाऊस झाला म्हणत होती, पण पाड्यावरची सगळी माणसं लखनच्या नात्यातली होती.

सोमवारी सकाळी शेतावर लखन एकटाच होता. नोंद घ्यायला कुणी आलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्याला ते कुणी विचारलं नव्हतं.

फोटो काढून जीप गेली, त्या शुक्रवारी दुपारी लखनची आई फुलाबाई फाटकाशी येऊन बसली.

"भाऊ, तुमच्या त्या भांड्यात पानी नव्हतं का वो?"

धनराजनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"माझी चूल इझली त्या राती. लय पाऊस व्हता. साहेब म्हनतो, वही खोटं बोलत नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हनलं, बरोबर हाय, वही कशाला खोटं बोलंल? मग भांडं फुटकं आसंल. फुटकं हाय का, भाऊ?"

"नाही," धनराज म्हणाला. "चांगलं आहे."

हेही खरंच होतं.

संध्याकाळी त्यानं निकिताला फोन केला. सांगायचं ते सांगता येईना, म्हणून त्यानं पुस्तकातल्यासारखं सांगायला घेतलं. नकाशा, माणसं, वेळा.

"तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे?" तिनं विचारलं.

"आहे. कोरडा असला तर चालता येतं. ओला झाला की पाय ठरत नाही. कडेला पाइपाचा लोखंडी जोड आहे."

"मग पाऊस असेल तर दोन गोष्टी एकदम सुटतात. लखन पलीकडे अडकला आणि काळू घसरला. खून नाहीच. पाऊस नसेल, तर लखन खोटारडा. म्हणजे सगळं वहीवर आलं." ती रंगात आली होती. "खूप सोपं झालं पप्पा, म्हणजे कुठंतरी चुकतंय. मी वही लिहिणाऱ्यावरच संशय घेतला असता. सोमवारी साडेआठला तो यंत्रापाशी होता, हे कुणी पाहिलं?"

ती एकदम थांबली.

फोनमध्ये मागं कुकरची शिट्टी झाली. सविता कुणाशी तरी बोलत होती.

"पप्पा, सोमवारी साडेआठला आपण पोहे खात होतो."

"हो."

"किती होता?"

"अठ्ठावन्न पूर्णांक सहा."

"आणि पाणी?"

"ओतलं."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "तो मुलगा किती वर्षांचा म्हणालात?"

"बावीस."

"माझ्याएवढा," निकिता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळी धनराजनं सोमवारच्या आकड्यावर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ५८.६ लिहिलं. शेरा: मंगळवारी मोजले, नोंद दडवली. खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. वही काखेत घेऊन तो पेठला गेला.

गांगुर्ड्यांनी पान दोनदा वाचलं.

"काल शून्य होतं. आज साठ."

"अठ्ठावन्न पूर्णांक सहा."

"बाई आली होती का तुमच्याकडं?"

"आली होती. पण तिच्यामुळं नाही."

"सरकारी वकील तर तिच्यामुळंच म्हणणार." गांगुर्डे चिडले नव्हते, त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "पाणी कुठंय?"

"ओतलं."

"बघितलं कुणी?"

"नाही."

"मग मला सांगा भाऊ, सव्वीस वर्षांचे तुमचे आकडे झाले साडेनऊ हजार. ह्यातला कुठला खरा धरायचा?"

धनराजनं वहीची मागची पानं चाळली. एखाद्या पुस्तकात निवेदक एकदा खोटा पडला, तर मागचं एकही पान शाबूत राहत नाही.

जबाब लिहून घेतला गेला. अटकेतल्या लखनला सोमवारी कोर्टात उभं करणार होते. दुपारी शेताचे मॅनेजर गोरक्ष यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. उद्याची शेवटची नोंद घ्या, चाव्या शेतावरच्या शिपायाकडे, भिकाकडे द्या आणि चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, एवढंच म्हणाले.

रविवारी सव्वाआठला फुलाबाई फाटकाशी होतीच. धनराजनं तिला आत बोलावलं. शेततळ्याकडची वाट पोलिसांनी दोरी बांधून अडवली होती. दोरीपलीकडं काळा कागद उन्हात चकाकत होता. दोघांनी तिकडं पाहिलं नाही.

साडेआठला त्यानं यंत्र उघडलं, बाटली काढली आणि मोजपात्रावर उलटी धरली. मग मोजपात्र तिच्या हातात दिलं.

"असं डोळ्यासमोर धरा. वरून नका बघू. हं, असं."

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, एक डोळा मिटला आणि काचेवरच्या बारीक रेघांमधून बराच वेळ पाहिलं.

"काय नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

तिनं पुन्हा पाहिलं. "काय नाय, भाऊ. कोरडं हाय."

त्यानं ०.० लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाहिले, फुलाबाई. तिनं शाईत अंगठा बुडवून त्याच्याखाली उठवला आणि अंगठा तसाच वर धरून विचारलं, "मंग सोडतील का लखनला?"

साडेआठ वाजून चार मिनिटं झाली होती. धनराजनं वही उघडीच ठेवली, शाई वाळेपर्यंत.

"माहीत नाही," तो म्हणाला.