शेवटचं कडवं

मोबाइलवरचं गाणं संपलं तरी पोपट कान देऊन बसून राहिला. समोर पुढाऱ्याचा माणूस भगवंत बसला होता, शेजारी पुण्याच्या स्टुडिओतली आरती. दोघं शिनोलीत घरी आल्यापासून पोपटला त्यांचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला न मागता पास दाखवणाऱ्याचाच आधी संशय येतो.

'कोरडा नळ' ही रॉक गाण्यांची कॅसेट पोपटने मेहुण्यासोबत एक्क्याण्णव साली काढली होती. पोपटची गिटार भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली, शब्द आणि गळा मेहुण्याचा, जानकूचा. धरण डोळ्यांसमोर आणि बौद्धवस्तीचा नळ कोरडा, एवढंच त्यात म्हटलं होतं. तेवढ्यावरून याच पुढाऱ्याच्या वडिलांनी बेल्ह्याच्या बाजारात कॅसेटी बुटाखाली चिरडायला लावल्या. आता मुलगा म्हणे तीच गाणी नव्याने काढणार, वर सत्कारही करणार. निवडणूक आली की यांना कशाचाही पुळका येतो.

आरतीने आवाज मात्र छान साफ केला होता. आपली गिटार ऐकून पोपटला भरून आलं, आणि भरून आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"शेवटचं कडवं कुठंय?" त्याने विचारलं.

जुन्या शाहिरांच्या रीतीने जानकू प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा. भगवंत म्हणाला, गाणं लांबत होतं, आणि आजकाल जानकू कोण हे कुणाला ठाऊक? आरतीने मान खाली घातली.

पोपटने सरळ नकार दिला.

"तुमी न्हाई म्हनला तरी गानं उद्या सुटनारच, भाऊ. चिरडताना वाचलेली एक कॅसेट घावलीय आमाला," भगवंत म्हणाला. " तुमचा नुसता फोटो पायजे."

"जानकूचं नाव न्हाई, तर माझं तोंडबी न्हाई," पोपट म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

गाडी गेल्यावर तो आत आला. बायको, द्रौपदा, तांदूळ निवडत होती. जानकू तिचा पाठचा भाऊ. तो वारल्यापासून त्याचं एकही गाणं तिने ओठांवर आणलं नव्हतं.

"अवो, नाव गाळलं का त्यांनी त्येचं?"

पोपटने होकाराची मान हलवली. आता ही रडणार, असं त्याला वाटलं. तिने सूप बाजूला सारलं आणि सवय मोडलेल्या गळ्याने सुरुवात केली,

"जानकू म्हणे, फिरवा तोटी,
पाणी नाही, आवाज येईल…"

दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज फाटला. पोपटने तांदळाच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला आणि कडवं पुन्हा नावापासून उचललं.